भिंगवाल्याची सहा पानं

“मॅडम, आधी बूड टेकवा. उभ्यानं ऐकायची गोष्ट नाय ही.”

“ताई, परवा व्हायवा आहे माझा. बसायला वेळ नाही. पीपीटी झाली का, तेवढं सांगा.”

“पीपीटी झाली. दुसरंच कायतरी झालंय.”

“आता काय?”

“तुमच्या थीसिसात तुमची नसलेली सहा पानं गेलीत. शेवटची. म्या घातली. म्हंजे घातली नाय, ऱ्हायली.”

शमशाद मॅडमनं खांद्यावरची पर्स काढली आणि स्टुलावर ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावरच बसल्या. करुणाताईनं त्यांना हातानं जरा उठवलं, गठ्ठा ओढून घेतला आणि परत बसवलं.

“ऱ्हायली म्हणजे?”

“जुन्या थीसिसातली. नऊ वर्सांखाली सुदर्शन सरांचा टाइप केलता न म्या, ह्याच भिंगवाल्यावरचा. त्यांच्या फाईलीवर तुमची फाईल चढवली. सगळं बदललं, शेवटचं पुसायचं ऱ्हाऊन गेलं.”

“क्या करके रखे ताई तुम!”

मॅडमच्या तोंडून घरची दखनी निघाली. एरवी ही बाई वर्गात शिकवावं तसं इस्त्रीचं मराठी बोलायची. मूळची सिल्लोडची, अकरा वर्षं तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवत होती. तास झाला तर पगार, सुट्टी लागली की घरी. डॉक्टरेट हातात पडली तर कायमच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता, आणि जागेची जाहिरात येऊन बसली होती. परवाचा गुरुवार हा तिच्यासाठी साधा गुरुवार नव्हता.

“म्हणून म्हणलं, बसा,” करुणाताई म्हणाली आणि पाण्याची बाटली पुढं सरकवली.

करुणाताईचं दुकान उस्मानपुऱ्यात. हार्डवेअरच्या दुकानाच्या कडेनं आत गेलं की जिन्याखाली एक खोली. दारावर पाटी: थीसिस, अर्ज, बायोडाटा, भाडेकरार. बावीस वर्षं ती इथं बसत आलीय, आणि तिच्या बोटांखालून किती माणसं डॉक्टर होऊन गेली त्याचा तिलाही पत्ता नाही. तिची एक रीत होती. रिकामी फाईल उघडायची नाही. मार्जिन, मथळे, पानांचे आकडे, प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र सगळं एकदा बसलेलं असतं, ते परत कशाला बसवायचं? विषयाला जवळची एखादी जुनी फाईल घ्यायची, तिला नवं नाव द्यायचं, आणि एकेक प्रकरण हातात येईल तसं जुनं पुसून नवं टाकायचं. ऋणनिर्देशात तर आईवडिलांचे उपकारसुद्धा तेच ठेवायची, फक्त आईवडील बदलायची. कुणाची कधी तक्रार आली नाही.

मॅडमचा प्रबंध द्यायच्या दिवशी मात्र घाई झाली. निष्कर्षाची हातानं लिहिलेली पाच पानं मॅडमनं दुपारी बाराला आणून टाकली, पाचच्या आत विद्यापीठात पाच प्रती जायच्या होत्या. करुणाताईनं निष्कर्ष टाइप केला, जुना निष्कर्ष पुसला. त्याच्याखाली सुदर्शन सरांचा ‘उपसंहार’ होता. मॅडमनं उपसंहार लिहिलेलाच नव्हता, त्यामुळं त्याच्या जागी टाकायला काही आलं नाही, आणि पुसायचं ध्यानात राहिलं नाही. विषय तोच, माणूस तोच, अक्षराचा साचा तोच. पानांचे आकडे आपोआप पडले. अनुक्रमणिका आपोआप लागली. प्रती बांधून झाल्या, वर सोनेरी अक्षरं बसली. आणि एकदा बांधलेला थीसिस लिहिणारा माणूस परत उघडत नाही. त्याचा त्याला वीट आलेला असतो.

हा प्रबंध ज्याच्यावर, त्याचं नाव करुणाताईच्या जिभेवर कधी बसलं नाही. सुदर्शन सर ते एका तऱ्हेनं लिहायचे, मॅडम दुसऱ्या. म्हणून ती त्याला भिंगवाला म्हणायची. साडेतीनशे वर्षांखाली हॉलंडात होऊन गेलेला माणूस. पोटासाठी काचा घासून भिंगं बनवायचा आणि उरलेल्या वेळात अकलेला पटेल तेवढंच खरं मानायचा. त्यापायी तेविशीतच त्याच्या समाजानं त्याला वाळीत टाकलं. राज्य कसं असावं याच्यावर त्यानं लिहिलं की सगळ्यांनी मिळून चालवलेलं राज्य हेच माणसाच्या स्वभावाला धरून आहे. आता गंमत अशी, की शेवटच्या पुस्तकात लोकशाहीचं प्रकरण लिहायला घेतलं आणि पहिल्याच पानांत कुणाकुणाला मत नसावं याची यादी दिली. नोकर नको, कारण ते मालकाच्या हुकमाखाली. बायका नकोत, कारण त्या नवऱ्याच्या हुकमाखाली. एवढं लिहिलं आणि छातीच्या दुखण्यानं मेला. प्रकरण तिथंच तुटलं.

तेव्हापासून शिकलेली माणसं भांडत आहेत. मॅडमचं म्हणणं, हा लोकशाहीचा बाप, ती यादी म्हणजे आजारी माणसाची घसरलेली लेखणी. सुदर्शन सरांचं म्हणणं नेमकं उलटं. घसरलेली बिसरलेली काही नाही, ते त्याच्या विचाराचं मूळच आहे. जो दुसऱ्याच्या हुकमाखाली तो मत देतो तेव्हा हुकूमच मत देतो, असं त्याला मनापासून वाटत होतं.

आणि आता मॅडमच्या थीसिसात पाच पानं म्हणत होती घसरली, पुढची सहा पानं म्हणत होती घसरली नाही.

“पण हे कळलं कधी तुम्हाला?” मॅडमनं विचारलं.

“काल. तुम्ही ती चिठ्ठी दिलती न, परीक्षकाची, उत्तर टाइप करायला.”

परीक्षकाचा अहवाल. परगावचे एक वयस्क प्राध्यापक बाहेरून नेमलेले होते. त्यांनी लिहिलं होतं: ‘संशोधिकेने स्वतःच उभ्या केलेल्या मांडणीला अखेरच्या सहा पानांत स्वतःच सुरुंग लावला आहे. असे धैर्य मराठी प्रबंधांत दुर्मीळ.’ मॅडमला वाटलं होतं, म्हातारबुवांनी दुसऱ्याच कुणाचा थीसिस वाचला. मार्गदर्शक विश्वजीत सरांनी तर अहवाल हातात नाचवत पाठ थोपटली होती. कुठली सहा पानं, हे दोघांनीही उघडून बघितलं नव्हतं. बघितलं करुणाताईनं. पान दोनशे एकेचाळीस उघडलं, तर वर सुदर्शन सरांचा ‘उपसंहार’.

“दाखवा,” मॅडम म्हणाल्या.

करुणाताईनं पानं पुढं ठेवली. मॅडम वाचू लागल्या. बाहेर हार्डवेअरवाल्याकडं पत्रा कापायचा आवाज चालला होता. मॅडमनं सहाही पानं वाचली, परत पहिलं काढलं, परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिल मागितली आणि एका ओळीखाली रेघ मारली.

“काय झालं?” करुणाताईनं विचारलं.

“हे बरोबर आहे.”

“काय बरोबर हाय?”

“हे जे लिहिलंय ते. माझ्या पाच पानांपेक्षा हे जास्त बरोबर वाटतंय.” मॅडम कपाळ चोळत राहिल्या. “सहा वर्षं मी उलटं सांगत आले, ताई. मग मी केलं काय?”

“आता गं माय. म्या म्हणलं तुम्ही मला झोडपता.”

“झोडपणारच आहे. नंतर.”

मग मॅडमच्याच डोक्यात आलं की ज्याची पानं आहेत त्याला विचारावं. सुदर्शन सर आता फर्दापूरकडच्या एका कॉलेजात होते. करुणाताईनं फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“कस्काय करुणाताई! आज कशी आठवण काढली?”

करुणाताईनं सगळं सांगितलं. मग सुदर्शन सर हसायला लागले, इतके की मॅडमनं फोनकडं डोळे वटारले.

“मॅडम बसल्यात का तिथं? नमस्कार मॅडम. घ्या, ठेवा ती पानं, मला काय त्याचं!”

“सर, चेष्टा नको. तुमची पानं आहेत ती.”

“होती. आता माझं तसं मत राहिलं नाही.”

“म्हंजे?” करुणाताईच मध्ये बोलली.

“म्हणजे असं, की तेव्हा मला वाटायचं तो बायकांना, नोकरांना दारातून हाकलतोय. आता वाटतं, तो नुसतं काय दिसतं ते सांगतोय. माणूस हुकमाखाली असला की त्याचं मत त्याचं राहत नाही, एवढंच. मग हुकूम काढा, मत आपोआप येईल. त्यानं असं लिहिलं नाही, पण लिहिलं असतं. दरवर्षी संविधान दिनाला मी हेच भाषण देतो.”

“पण सर, लिहिलं नाही ना त्यानं!” मॅडम म्हणाल्या. “मेला ना तो.”

“मेला म्हणूनच तर आपल्याला बोलता येतं,” सुदर्शन सर म्हणाले, आणि तास आहे म्हणून फोन ठेवला.

ज्याची पानं होती त्यानं ती टाकून दिली होती. जिची नव्हती तिला ती पटली होती. करुणाताईला एक कळत होतं, की या घोटाळ्याला सुरुवात तिच्या बोटांनी झाली. पुढचं काही कळत नव्हतं.

“म्या येते गुरुवारी,” ती म्हणाली. “उभी ऱ्हाऊन सांगते, चूक माझी हाय.”

“नक्को!” मॅडम ताडकन बोलल्या. “सांगितलं की पहिला सवाल काय येईल? चोरी. दुसऱ्याची पानं उचलली. विश्वजीत सरांची सही आहे त्यावर, त्यांचं तोंड काळं होईल. डिग्री राहिली बाजूला, मी कॉलेजात तोंड दाखवू शकणार नाही. परीक्षकांना ती पानं आवडलीत. मला पण पटलीत. सुदर्शन सर म्हणतात ठेवा. मग कुणाचं काय जातं?”

“तुमची नायत न पण ती.”

“मला पटलीत म्हणते ना.”

“पटलं की आपलं व्हतं का?”

मॅडमनं पानं पर्समध्ये घातली आणि गेल्या.

टायपिंग करणारं माणूस वाचत नसतं. डोळे कागदावर, बोटं कळांवर, आणि मन घरच्या भाजीत. करुणाताईनं बावीस वर्षांत भूगर्भातलं पाणी, संतांची भाषा, सोयाबीनची कीड असं सगळं टाइप केलं, एक ओळ डोक्यात राहिली नाही. राहिलं ते नऊ वर्षांखालचं सुदर्शन सरांचं ते पान. टाइप करता करता बोटं थांबली होती. कारण त्या पानातली बाई ती स्वतः होती.

सिल्लोडच्या अलीकडं तिचं सासर. तेविसाव्या वर्षी ती त्या गावची सरपंच झाली. जागा बायकांसाठी राखीव निघाली, सासरे आप्पासाहेबांनी सुनेचा अर्ज भरला आणि गावानं निवडून दिली. पाच वर्षं सरपंच. सरपंचाचा शिक्का आप्पासाहेबांच्या बंडीच्या खिशात राहायचा. ग्रामसभा देवळासमोर भरायची, आणि सरपंच घरात सभेसाठी चहा करायच्या. कागद घरी यायचा, आप्पासाहेब बोट ठेवायचे तिथं ती सही करायची. एकदा मागच्या वस्तीवरच्या बायका तिच्याकडं आल्या, वस्तीवर नळ पाहिजे म्हणून. तिनं शब्द दिला. पण ठराव लिहूनच आला, नळ देवळाजवळ, आप्पासाहेबांच्या गोठ्याला लागून. तिनं सही केली. दुसऱ्या दिवशी वस्तीवरची सरूबाई डोक्यावर दोन हंडे घेऊन दारासमोर थांबली. हंडे न उतरवताच म्हणाली, “माय, मत तुला दिलं व्हतं आम्ही. तुह्या सासऱ्याला नाय.” आणि चालती झाली.

पुढं सोमनाथला, तिच्या नवऱ्याला, वाळूजला कंपनीत काम लागलं. ती शहरात आली, टायपिंग शिकली, दुकान टाकलं. आप्पासाहेब वारले. सरूबाई काय म्हणाली ते राहिलं.

म्हणून ते पान वाचताना तिला भिंगवाल्याचा लई राग आला होता. आणि रागाच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती तिनं सोमनाथलाही सांगितली नव्हती. भिंगवाला खोटं बोलत नव्हता. तिचं मत तिचं नव्हतंच. मग ती हुकमाखाली होती म्हणून तिला खुर्ची द्यायला नको होती, असं म्हणायचं का? नसती दिली तर ती चहाच करत राहिली असती. दिली तरी चहाच केला. मग खुर्चीचं काय झालं? इथं आलं की तिचं डोकं गरगरायचं. आता तर तिला असाही संशय येऊ लागला, की ती सहा पानं पुसायची खरंच राहून गेली, की हातानंच मुद्दाम ठेवली? त्या दिवशी घाई होती हे खरं. पण पान दोनशे एकेचाळीस पडद्यावरून सरकलं होतं, आणि तिनं ते बघितलं होतं, एवढंही तिला आठवत होतं. पुढचं आठवत नव्हतं.

गुरुवारी तिनं दुकानाला कुलूप लावलं. व्हायवा खुला असतो, कुणीही येऊन बसावं. ती मागच्या बाकावर बसली. पुढं टेबलावर शाल, नारळ, हाराची पिशवी. कोपऱ्यात समोशांचे खोके ठेवलेले, आणि जमलेल्या वीस-पंचवीस जणांचं ध्यान निम्मं तिकडं. पहिल्या रांगेत मॅडमचे वडील, कडक इस्त्रीच्या शेरवानीत. सिल्लोडात त्यांचा कापूस-मक्याचा व्यापार. लेकीचं मराठीतलं भाषण समजून घ्यायचं म्हणून पुढं वाकून बसलेले.

मॅडमनं पीपीटी दाखवली. आवाज स्थिर होता. विश्वजीत सर मान डोलवत होते. मग परगावचे परीक्षक पुढं सरकले. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे.

“मॅडम, माझा एकच प्रश्न. पान दोनशे त्रेचाळीस. तुम्ही लिहिता, ‘ही यादी त्याच्या विचारातला डाग नाही, ती त्याच्या विचाराची मुळी आहे.’ त्याआधी दोनशे चाळीस पानं तुम्ही उलटं सिद्ध करता. हा वळसा तुम्हाला नेमका कुठं सुचला?”

मॅडमनं एकदा वडिलांकडं बघितलं. करुणाताईला वाटलं, आता ही म्हणणार, विचार करता करता सुचला. तेवढं म्हणलं की झालं. समोसे वाटले गेले असते.

“सर,” मॅडम म्हणाल्या, “ती सहा पानं मी लिहिलेली नाहीत.”

विश्वजीत सरांची डोलणारी मान जिथं होती तिथंच थांबली.

“मग कुणी?”

मॅडम सांगू लागल्या, पण शब्द एकात एक अडकायला लागले, आणि करुणाताई मागून उभी राहिली.

“साहेब, चूक माझी हाय.”

“आपण कोण?”

“टायपिंग करते. जुन्या फाईलीवर नवी चढवली. जुन्यातलं पुसायचं ऱ्हायलं. मॅडमला परवापस्तोर ठावच नव्हतं.”

परीक्षकांनी एकदा हिच्याकडं, एकदा मॅडमकडं, एकदा समोरच्या बाइंडिंगकडं बघितलं. “थांबा. मग मी अहवाल कुणाच्या प्रबंधावर लिहिला?”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांना हसू आलं नव्हतं. ते खरंच गोंधळले होते.

“टाइप करताना तुम्ही वाचत नाही का, बाई?”

“नाय वाचत. हे तेवढं वाचलं.”

“का?”

करुणाताईनं विश्वजीत सरांच्या लाल झालेल्या तोंडाकडं बघितलं. आता काय ऱ्हायलंय, असं तिला वाटलं.

“म्या सरपंच व्हते पाच वर्सं. सही माझी, शिक्का सासऱ्याच्या खिशात. ह्यो तुमचा भिंगवाला म्हणतो, हुकमाखालच्याला मत नको. तुम्ही सगळे शिकलेले हायत, म्हणून इचारते. माझी खुर्ची काढायला पायजे व्हती, का सासऱ्याच्या खिशातला शिक्का? त्यानं काय म्हणलं असतं?”

परीक्षकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.

“त्यानं काय म्हणलं असतं ते मला माहीत नाही,” ते म्हणाले. “माहीत आहे असं मी तीस वर्षं वर्गात सांगत आलो. खाली बसा तुम्ही.”

ती बसली. त्यांनी बसा म्हणलं ते रागानं, का कसं, हे तिला कळलं नाही.

समितीची माणसं शेजारच्या खोलीत गेली. भिंतीतून विश्वजीत सरांचा चढलेला आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. मॅडम वडिलांच्या शेजारी बसल्या होत्या. वडिलांनी विचारलं, “क्या हुआ बेटा? पास हुए क्या?” मॅडम म्हणाल्या, “मालूम नहीं अब्बा.” म्हाताऱ्यानं खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि समोरच्या फळ्याकडं बघत राहिला.

वीस मिनिटांनी निकाल आला, म्हणजे निकाल आला नाही. ती सहा पानं काढायची. मॅडमनं निष्कर्ष परत लिहायचा, स्वतःचा, काय म्हणायचं ते एकदाच म्हणायचं. महिन्याच्या आत परीक्षकांना दाखवायचा. त्यांना पटलं तर पुढं, तोवर सगळं थांबलेलं. शाल-नारळ पिशवीतच राहिले. समोसे मात्र लोकांनी खाल्ले. विश्वजीत सर करुणाताईच्या जवळून गेले तेव्हा म्हणाले, “तुमच्या दुकानात आता माझा एकही विद्यार्थी येणार नाही.” ती म्हणाली, “व्हय सर.” दुसरं काय म्हणणार?

जिन्यात मॅडम भेटल्या.

“कामून सांगितलं?” करुणाताईनं विचारलं. “तुम्हीच तर नक्को म्हणल्या.”

“ते म्हणाले ना, तुम्हाला कुठं सुचलं. तिथं मी अडकले. पटलं होतं, पण सुचलं नव्हतं.” मॅडम दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या. “आणि आता तर पटलंय का तेही समजेना. तुमच्या त्या शिक्क्यानं सगळी वाट लावली.”

“मग माझं काय चुकलं?”

“तेच तर कळत नाही ना ताई!”

सोमवारी सकाळी मॅडम दुकानात हजर. कॉलेजला जायच्या आधी आल्या होत्या. हातात एकच कागद, तोही अर्धा भरलेला, त्यातल्या निम्म्या ओळी खोडलेल्या.

“ताई, टाइप करायला घ्या. उरलेलं इथंच बसून सांगते.”

करुणाताईनं सवयीनं जुन्या फाईलींची यादी उघडली. बोट तिथं गेलं, थांबलं. मग तिनं रिकामी फाईल उघडली. मार्जिन चुकीची, अक्षर भलतंच, पान नुसतं पांढरं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला मथळा कुठं टाकायचा ते शोधावं लागलं.

“हं, सांगा.”

“लिहा. ‘त्याने हे प्रकरण पूर्ण केले नाही.’”

“झालं. पुढं?”

“पुढं...” मॅडमनं कागद उलटा केला, सुलटा केला. “‘म्हणून आपण’... नको, ते काढा. ‘तथापि’... थांबा जरा.”

दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागदपत्रं.

“ताई, भाडेकरार करायचा व्हता. अकरा महिन्यांचा.”

“मॅडम, तुमचं सुचस्तोर यांचं करून टाकते,” करुणाताई म्हणाली. मॅडमनं मान हलवली आणि पेन्सिल चावत बसल्या. करुणाताईनं खुर्ची वळवली. “घरमालक कोण, तुम्ही का?”

“घर मंडळीच्या नावावर हाय. पण बघतो सगळं मीच.”

“सही कोण करणार?”

“ती करन की. कुठं करायची ते दाखवलं की करती.”

मागं मॅडमनं पेन्सिल तोंडातून काढली. करुणाताईची बोटं कळांवरच राहिली.

“त्यांना घेऊन या दुकानात,” ती म्हणाली.

“कामून? आजवर कुणी असं मागितलं नाय. तुम्ही टाइप करा, कागद घरी नेतो.”

“वाचून दाखवते त्यांना. मग करतील सही.”

“तिला काय कळतंय त्यातलं?”

“नाय कळलं तर परत वाचीन.”

माणूस कुरकुरला, घड्याळ बघितलं, बाहेर जाऊन फोन लावला. करुणाताईला वाटलं, आपण हे उगंच करू राहिलो का? ती बाई येईल, मुकाट ऐकंल, आणि नवरा बोट ठेवील तिथं सही करंल. मग काय बदललं? तिनं मॅडमकडं बघितलं. मॅडमनं खांदे उडवले.

“येऊ लागली,” माणूस आत येऊन म्हणाला. “भाजीला चालली व्हती, तिकडून वळवली.”

“बसा. नाव सांगा त्यांचं.”

“लक्ष्मीबाई.”

‘लिहून देणार’ याच्यापुढं करुणाताईनं दोन टिंबं दिली आणि नाव टाइप केलं.

“वय?”

“तेवढं तिलाच इचारा.”

तिनं वयाची जागा मोकळी सोडली आणि पुढच्या रकान्यावर गेली.